कस्टम केलेली क्लासिक ३५० घेऊन सोलापूर ते कन्याकुमारी: इंजिन टिकेल का, आणि माझी कंबर?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहितीवर कुणाला सल्ला मागणं बरं नाही म्हणून सगळंच सांगतो.

वय ३६, उंची पाच फूट सहा, वजन ७४ किलो. चाटी गल्लीत टॉवेल-चादरीच्या दुकानात हिशेब बघतो, म्हणजे दिवसभर गादीवर मांडी घालून बसणं. कंबर आधीच कुरकुरते. गाडी स्प्लेंडर, अकरा वर्षांची. तिच्यावर पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर किती वेळा झालं त्याची मोजदाद नाही, पुणे मात्र एकदाच. त्या वेळी परत येताना इंदापूरच्या पुढे एका झाडाखाली आडवा झालो आणि ठरवलं, पुढची लांबची राइड दुसऱ्या गाडीवर.

ती दुसरी गाडी आता जुळे सोलापुरात सापडली आहे. २०१३ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, कार्ब्युरेटरवालं ३४६ सीसीचं यूसीई इंजिन, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात. पहिल्या मालकाने बाहेरगावी एका गॅरेजात तिची बॉबर, म्हणजे काटछाट करून बुटकी केलेली गाडी, करून घेतली, आता विकतोय तो दुसरा. मीटरवर ३१ हजार किलोमीटर. मागणी एक लाख पस्तीस हजार.

काय काय बदललंय: हँडल उंच, एप हँगर म्हणतात ते. धरलं की माझ्या मुठी खांद्याच्या वर जातात. फूटरेस्ट पुढे नेलेत, पाय सरळ पसरून बसायचं. स्प्रिंगवरची एकट्याची सीट. मागे १५० चा जाड टायर. मागचे शॉकअप आखूड लावून गाडी खाली बसवली आहे. एअरबॉक्स काढून नुसता पॉड फिल्टर. सायलेन्सर हातभर, त्याला पट्टी गुंडाळलेली. मूळ साडेतेरा लिटरची टाकी जाऊन शेंगेच्या आकाराची आली, ती नऊची आहे म्हणतो. रंग मॅट काळा. दिसते मात्र अशी की सात रस्त्यावर दहा मिनिटं फिरवली तेवढ्यात तिघांनी थांबवून विचारलं.

बेत डिसेंबरचा. विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर आणि तिथून खाली कन्याकुमारी. एका बाजूने तेराशेच्या वर जातं. रोज साडेतीनशे ते चारशे.

दहा मिनिटांत गाडी सिंहासनासारखी वाटली. पण दहा मिनिटांत स्प्लेंडरही वाईट वाटत नाही. तीनशे किलोमीटरनंतर काय होईल ते आधी कसं ओळखायचं? आणि इंजिनाचं म्हणाल तर मला सगळ्याच बुलेटचा आवाज चांगला वाटतो, त्यामुळे माझ्या कानाचा उपयोग शून्य. विकणारा म्हणतो, "इंजिन सीलबंद आहे, अजून खोललेलंच नाही." ही चांगली गोष्ट की वाईट?

बायकोने फोटो बघून एकच विचारलं, "मी कुठे बसायचं?" त्याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

एमएच१३_भटक्या

काय बे हिशेबनीस, एप हँगरवर तेराशे किलोमीटर? कन्याकुमारीला पोचशील तेव्हा हात वरच अडकलेले असतील, लोकांना वाटेल भाऊ सूर्याला अर्घ्य देतोय.

चेष्टा सोड, पण ती सायलेन्सरची पट्टी आधी सोडवून बघ. पावसाचं पाणी तिच्यात मुरतं आणि आतला पाइप गंजून जाळी होतो. वेल्डिंगची चीर झाकायलाही लोक पट्टी मारतात. बाकी जॉबरअण्णा येतील, त्यांची वाट बघ.

जुना_जॉबर

आलो. घरी लग्नाची गडबड होती.

होटगीरोडकर मालक, आधी माझी ओळख. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर चौतीस वर्षं जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारा मिस्त्री होतो. शेडमध्ये चाळीस माग एका वेळी धडधडत असताना कुठल्या मागाचा धोटा नीट बसत नाही हे पाठमोरा उभा राहून ओळखायचं, त्याचाच पगार होता. बुलेट पहिल्यापासून घरात. त्यामुळे जे सांगतो ते मेकॅनिकचं नाही, कान असलेल्या माणसाचं आहे असं धरून चाल.

गाडी बघायला पुन्हा जाशील तेव्हा सर्वांत आधी पोतं माग.

म्हणजे काय, तर या गाडीतून जे काढलं ते कुठे आहे? एअरबॉक्स, मूळ सायलेन्सर, मूळ हँडल, शॉकअप, फूटरेस्ट, मागची सीट. ज्याने विचार करून गाडी बदलली तो हे सगळं पोत्यात भरून माळ्यावर टाकतो. ज्याने भंगारात घातलं त्याने गाडी फोटोसाठी केली. तू यादी दिलीस त्यातला रंग सोडला तर प्रत्येक बदल लांबच्या रस्त्याच्या विरुद्ध गेलाय. पोतं असेल तर गाडी परत माणसात येते, नसेल तर एकेक वस्तू बाजारात शोधत बसशील आणि हिशेब तुझा तूच कर, दुकान तुझंच आहे.

आता इंजिन. "अजून खोललेलं नाही" हे ३१ हजारावरच्या बुलेटला दूषण नाही की भूषण नाही. त्याला विचार, तेल शेवटचं कधी बदललं, कोणत्या ग्रेडचं घातलं. अडखळला तर तेच उत्तर समज.

सकाळी लवकर जा आणि गेल्या गेल्या, राम राम म्हणायच्याही आधी, सिलिंडरवर हात ठेव. गरम लागला तर तू यायच्या आधी त्याने गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन खोटं बोलत नाही, म्हणून विकणारे ते तापवून ठेवतात.

सोबत हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर ने. गाडी चालू झाली की त्याचं टोक इंजिनावर टेकव आणि मूठ कानामागच्या हाडावर दाब. बाहेरचा ढगढग आवाज नाहीसा होतो आणि आतलं ऐकू येतं. माग ऐकायचीही हीच रीत होती, फक्त तिथे लाकडी काठी असायची. वरच्या अंगाला टकटक येईल. यूसीईला हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे, तेलाच्या दाबावर चालणारे) आहेत, पाना लावून सेटिंग करायचं काम त्यात नाही. थंडीत पहिले काही सेकंद टकटक झाली आणि तेल पोचताच थांबली तर ठीक. गरम झाल्यावरही चालूच असेल आणि कुणी म्हणालं, "टॅपेट सेट करून देतो," तर त्या माणसाला यूसीई माहीत नाही. मग टोक खाली, क्रँककेसवर ने. तिथे जड, दबका ठोका असेल आणि थ्रॉटल दिल्यावर वाढत असेल तर तो कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा. तसं असेल तर त्याचा चहा पी आणि घरी ये.

माझ्या कास्ट आयर्न बुलेटवर मी किकवर उभा राहून कॉम्प्रेशन बघायचो. हळूहळू खाली गेली तर पिस्टनच्या रिंगा चांगल्या. यूसीईला ती परीक्षा लावू नकोस, तिच्यात किक हलकी व्हावी म्हणून ऑटो-डीकॉम्प्रेशन आहे, त्यामुळे पायाला काहीच खरं कळत नाही. त्यापेक्षा पंक्चरवाल्याकडे चल. प्लग काढायचा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, गाडी टॉपच्या गिअरमध्ये घालून मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगायचं आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. या इंजिनाला दोन प्लग आहेत, दुसरा जागेवरच राहू दे. आता हवा कुठून निसटते ते ऐक. तेल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा. कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या तोंडातून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. थोडीफार हवा रिंगांवरून जातेच, त्याला घाबरू नको. व्हॉल्व्हकडून मात्र स्पष्ट सूं ऐकू आली नाही पाहिजे.

माझा डोळा त्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरच आहे. का, ते सांगतो.

१९९७ च्या मे महिन्यात साडूच्या मुलीचं लग्न हैदराबादला होतं. बायकोला मागे बसवलं आणि निघालो. आठवडाभर आधी हौसेने सायलेन्सर बदलला होता, आतून मोकळा, लांब मेगाफोन. फिल्टरही उघडा. आवाज असा की गल्लीतली पोरं मागे धावायची. कार्ब्युरेटरला हात लावला नाही, चाललीय ना गाडी, मग कशाला? उमरगा गेलं, हुमनाबादच्या अलीकडे दुपारी एकला चढावर गाडीने दम सोडला, सुरात फरक पडला. मी ऐकलं. चौतीस वर्षं कानाची भाकरी खाणाऱ्या माणसाने ऐकलं आणि लग्नाला उशीर होईल म्हणून थ्रॉटल आणखी पिळला. दोन मिनिटांत मागचं चाक जाम झालं. क्लच दाबायचं सुचलं म्हणून पडलो नाही. पिस्टन धरला होता. अॅल्युमिनियमचा पिस्टन तापला की बिडाच्या सिलिंडरपेक्षा दुपटीने फुगतो, जागा संपली की चिकटतो. आम्ही दोघं कांद्याच्या ट्रकमधून लग्नाला गेलो. बायकोची इरकल लुगड्याची घडी, तिला कांद्याचा वास. अजून ऐकवते.

घडलं एवढंच की मोकळा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर यांनी हवा जास्त आत घेतली आणि कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, जुनाच असल्याने पेट्रोल तेवढंच राहिलं. मिश्रण पातळ, जाळ कडक. गावात दहा-वीस किलोमीटर फिरताना काही कळत नाही. तासन् तास ऐंशीवर चालवलं, वर आपलं ऊन, की मग पिस्टन धरतो नाही तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. तुझ्या गाडीला नेमकं हेच दोन बदल आहेत. तेव्हा विचार, जेट बदलला का, कोणत्या नंबरचा घातला. तो जे सांगेल ते ऐकून घे आणि तरी प्लग बघच. चहाच्या रंगाचा असेल तर पोट बरोबर आहे. काळा आणि कोरडा असेल तर पेट्रोल जास्त, त्याने इंजिन मरत नाही, खिसा मरतो. काळा आणि तेलकट असेल तर तेल जळतंय. पांढरा असेल तर माझं लग्न आठव.

पण गावात फिरून आलेल्या गाडीचा प्लग काही सांगत नाही. नळदुर्गला जाऊन ये. जाऊन-येऊन शंभराच्या आसपास होतं. जाताना चहाला थांबू नकोस. मोकळ्या रस्त्यावर सत्तर-ऐंशीच्या एकसारख्या वेगात पाच मिनिटं चालव, मागे कोणी नाही बघून किल स्विच मार आणि लगेच क्लच दाबून कडेला घे. इंजिन आयडलवर गुरगुरू द्यायचं नाही, नाही तर प्लगवरची खूण पुसली जाते. तिथेच प्लग काढून बघ. गरम असतो, फडकं ने. परतल्यावर गाडी दहा मिनिटं उभी करून तापलेलीच पुन्हा चालू कर. तापलेली गाडी चालू व्हायला रडली तर तिच्यात काहीतरी आहे.

जाड टायरचं एक राहिलं. १५० चा टायर मावावा म्हणून मागचं चाक, स्प्रॉकेट इकडे-तिकडे सरकवतात. मागे उकिडवा बसून चेन एका डोळ्याने बघ, सुतासारखी सरळ पाहिजे. स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू चकचकीत झाली असेल तर चेन तिरकी ओढतेय, आणि ती कुठे तुटेल ते तिचं तिला माहीत. मडगार्डच्या आतून हात फिरव. आखूड शॉकअपमुळे टायर वर घासत असेल तर तिथे रबराचा काळा पट्टा सापडेल. आणि खिशात एक लोहचुंबक ठेव, फ्रेमच्या जोडांवर फिरव. जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी आहे, आणि फ्रेमवर पुट्टी कुणी शोभेसाठी भरत नाही.

बसण्याचं आमच्या फिजिओताई सांगतील. मला त्यातलं कळत नाही, मी लाकडी स्टुलावर आयुष्य काढलं.

फिजिओताई

काकांनी नाव घेतलं म्हणून. मी स्वतः मिटिऑर चालवते, सोलापूर-पुणे महिन्यातून एकदा तरी होतं.

दादा, एक सोपी गोष्ट गाडी उभी असतानाच करा. गाडी मेन स्टँडवर लावा, बसा, डोळे मिटा आणि दोन्ही हात सहज पुढे करा, जसे टेबलावर ठेवाल तसे. मग डोळे उघडा. हात जिथे आहेत आणि हँडल जिथे आहे, त्यात जेवढं अंतर, तेवढं ओझं तुमचे खांदे दिवसभर उचलणार आहेत. तुमच्या वर्णनावरून मुठी हृदयाच्या बऱ्याच वर जातायत. रक्ताला चढ चढावा लागतो, त्यात ऐंशीच्या वाऱ्याने छाती मागे ढकलली जाते आणि तुम्ही हँडलला लोंबकळायला लागता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं तर अल्नर नर्व्ह, तळव्याच्या कडेला नाही तर कोपरात दबतेय. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मीडियन, मनगटात. टेस्ट राइडला कितव्या किलोमीटरला कुठली बोटं गेली हे लिहून ठेवा. बधिर बोटांना ब्रेक किती दाबला जातोय ते कळत नाही, त्यामुळे हा नुसता आरामाचा प्रश्न नाही.

फूटरेस्टबद्दल मात्र मी जास्त कडक बोलेन. पाय पोटाखाली असले की खड्डा दिसल्यावर आपण नकळत मांड्यांवर वजन घेतो, बूड सीटवरून बोटभर उचललं जातं. मांड्या हेच आपले सर्वांत चांगले शॉकअप. पाय पुढे पसरलेले असले की तसं उचलताच येत नाही, दणका थेट माकडहाडातून कमरेत. सीटची स्प्रिंग तो अर्धा झेलते आणि परत वर फेकते. तुम्ही दिवसभर मांडी घालून बसता म्हणजे हॅमस्ट्रिंग आणि कंबर दोन्ही आखडलेले असणार. विजापूरपर्यंत जाल, होस्पेटला उतरताना कुणीतरी हात द्यावा लागेल.

सिंगल सिलिंडरचं थरथरणंही धरा. ४००० आरपीएमला तो पिस्टन सेकंदाला ६६-६७ वेळा खाली-वर होतो. हँडल जितकं लांब आणि उंच, तितकी ती थरथर मुठीत मोठी होऊन येते.

हँडल बदलणं तासाभराचं काम आहे, केबलही मग मूळ लांबीच्या लागतील. फूटरेस्ट मागे आणायचे तर गिअर आणि ब्रेकच्या लिंकेजसकट. म्हणून काकांचं पोतं खरंच मागा.

कागदपत्रवाला

आनंदाच्या गप्पांत कागद आणतो, माफी असावी.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: आरसीवर जे लिहिलंय ते उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर स्पष्ट निकाल दिला आहे. त्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन कलम १८२ए आलं. त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलाला" हे शब्द नीट वाचा आणि स्वतःची यादी पुन्हा मोजा.

सोलापुरात एमएच १३ ची पाटी बघून कुणी अडवणार नाही असं वाटत असेल, पण तुम्ही कर्नाटक आणि तमिळनाडू ओलांडणार आहात. विमा कंपनीला न कळवलेले बदल अपघातानंतर क्लेमच्या वेळी आडवे येतात, ते वेगळंच.

चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः घासून, पुसून, आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. कस्टम गाडीत रंगाचे थर चढलेले असतात, नंबर वाचता येत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

होटगीरोडकर

सगळ्यांचे आभार. बारा दिवस गप्प होतो कारण सांगितलेलं करत होतो.

सकाळी साडेसहाला गेलो. सिलिंडरवर हात ठेवला, थंडगार. मालक म्हणाला, "काय बघताय?" मी म्हटलं, "ताप." तिसऱ्या स्टार्टरला चालू झाली. स्क्रू-ड्रायव्हर कानामागे लावल्यावर मी अक्षरशः दचकलो, आत एक आख्खं गाव आहे. टकटक होती, चार-पाच सेकंदांत गेली. खालचा जड ठोका मला तरी ऐकू आला नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून अण्णांना पाठवलं तर त्यांनी खडसावलं की मोबाइलला कानाचं हाड नसतं.

मग नळदुर्ग. बोटांचा हिशेब वहीत आहे: २२ व्या किलोमीटरला डाव्या हाताची करंगळी, ३१ ला दोन्ही करंगळ्या आणि शेजारची बोटं. बोरामणीच्या पुढे एका खड्ड्यात ताईंचं माकडहाडाचं वाक्य जसंच्या तसं आठवलं. नळदुर्गला उतरून किल्ल्याच्या बाजूला पाच मिनिटं नुसता उभा राहिलो, बसावंसं वाटलंच नाही. गंमत म्हणजे तेवढ्यातही दोन कॉलेजच्या पोरांनी गाडीसोबत फोटो काढला.

येताना प्लग काढले. दोन्ही पांढरे. सिद्धेश्वराच्या देवळात कपाळाला लावतो ती विभूती, अगदी तोच रंग. जेटबद्दल विचारलं तर मालक म्हणाला, "जेट म्हणजे?"

पंक्चरवाल्याकडे हवा भरली. त्याला वाटलं मी वेडा आहे, पण ब्रेक दाबून धरला बिचाऱ्याने. तेलाच्या तोंडाशी कान लावला, जेमतेम काही. कार्ब्युरेटरकडे शांत. सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेला आणि सूं, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी असते तशी. तिघांनी ऐकली. त्यात मालकही होता, त्यामुळे पुढचं बोलणं सोपं गेलं.

मागचं मडगार्ड आतून घासलेलं आहे. चेन सरळ आहे. चुंबक सगळीकडे चिकटला. नंबर जुळतात. पट्टी सोडवली, पाइपला सुपारीएवढं भोक.

पोतं आहे! पहिल्या मालकाकडे, बार्शीला. माझं मन फिरलं होतं, पण हे कळल्यावर पुन्हा वळलं. रविवारी बार्शीला जाऊन उघडलं. मूळ हँडल, फूटरेस्ट लिंकेजसकट, सायलेन्सरला एक पोचा पण आतून ठीक, मागचं चाक टायरसकट, मागची सीट रेक्झिन फाटलेली. शॉकअप एकच. एअरबॉक्स आहे, त्याचं झाकण नाही. मूळ टाकी त्याने विकली.

पोत्यासकट एक लाख दोन हजारात व्यवहार झाला. हेड उतरवून व्हॉल्व्हचं काम माझ्याकडे. आता विचारायचंय ते असं: एक शॉकअप नवा आणि एक पोत्यातला चालेल का? एअरबॉक्सच्या झाकणाऐवजी पत्र्याचं करून घेऊ का? आणि नऊ लिटरच्या टाकीवर भागवू का?

पोतं घरी आल्यावर बायकोने बाकी कशाला हात लावला नाही. सीट उचलून अंगणात नेली आणि झटकली.

जुना_जॉबर

कानाचं काम शिकलास, मालक. मागावर असतास तर हाताखाली घेतला असता.

शॉकअप जोडीनेच बदलायचे. एक ताजा, एक थकलेला लावलास तर गाडी वळणावर एका अंगाने बसेल. दोन्ही नवे घे.

व्हॉल्व्ह नुसता घासून बसवतो म्हणाला तर आधी कड बघायला माग. जळून खाच पडली असेल तर नवा व्हॉल्व्ह, आणि सीटही तपासून घे. हेड उतरलेलं असतानाच सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरव. नख उभ्या रेघेत अडकलं तर मला फोन कर, पुढे जाऊ नको.

जेट नवा शोधत बसू नको. एअरबॉक्स आणि मूळ सायलेन्सर लागला की कंपनीचा जो जेट आहे तोच बरोबर. फक्त मधे कुणी दुसरा घातला नाही ना, त्याच्यावरचा नंबर वाचून घे. गाडी पुन्हा जुळली की एकदा नळदुर्ग आणि प्लग, तेव्हा चहाचा रंग दिसला पाहिजे.

टाकी राहू दे. बारीक आहे, पण विजापूर रस्त्याला पंप काही कमी नाहीत. दीडशेला थांबायचंच असं ठरव, त्या निमित्ताने तुझी कंबरही उतरेल. आरसीचं त्या कागदपत्रवाल्यांना विचार, त्यात मी बोलत नाही.

पत्र्याचं झाकण नको, हवा ओढेल आणि पुन्हा पांढरा प्लग. माझ्या पुतण्याची क्लासिक गेल्या वर्षी मोडीत काढली, तिच्या एअरबॉक्सचं झाकण माळ्यावर आहे. रविवारी ये, सातच्या आत, नंतर माझ्या पत्र्याच्या खोलीत उभं राहवत नाही. सीट पण घेऊन ये, अशोक चौकात माझ्या ओळखीचा सीटवाला आहे. फोम किती जाड ठेवायचा ते सूनबाईंना विचारूनच ये.

एमएच१३_भटक्या

ते एप हँगर विकणार असशील तर सांग बे. मला भिंतीला टॉवेल वाळत घालायला पाहिजे.